बी. सी. कांबळे यांचा कायदा आणि आमची हाडकी हाडवळा

गेल्या जयंतीच्या सभेनंतर आमच्या देवळाली प्रवरेतील, कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, बी. सी. कांबळे कोपरगावचे खासदार होते म्हणतात. मग आपल्या कुठल्याच भाषणात त्यांचे नाव का येत नाही?" मला त्याला तेथे नीट उत्तर देता आले नाही. दादासाहेब गायकवाडांचे नाव आम्ही घेतो. त्यांच्यावरची गाणी आमच्या आयाबायांना पाठ आहेत. कांबळे यांच्यावर गाणे नाही. कायद्याच्या कलमांवर कोण गाणे करणार? परंतु ज्याच्यावर गाणे नाही तो चळवळीत नव्हताच, असे समजणे हा अन्याय आहे आणि आळसही आहे. हा लेख म्हणजे त्या विद्यार्थ्याला उशिरा दिलेले उत्तर समजावे.

कांबळे यांच्याविषयी लिहिताना मला एका व्यक्तीचे गुणदोष मोजायचे नाहीत. बाबासाहेबांच्या पाठोपाठ वकिली शिकून राजकारणात उतरलेली जी पहिली पिढी, तिचे ते ठळक प्रतिनिधी. त्या पिढीने आपल्याला काय दिले आणि कोठे ती कमी पडली, याची चिकित्सा आपण केलेली नाही. आपल्याकडे एक तर आरती होते, नाही तर गद्दारीचा शिक्का बसतो. या दोन्हींच्या मधली जागा समीक्षेची असते आणि ती आपण ओसाड ठेवली आहे.

आधी थोडक्यात हकीकत. बापू चंद्रसेन कांबळे मूळचे सांगलीकडचे. वकील झाले, बाबासाहेबांच्या 'जनता' पत्राचे संपादन त्यांनी केले. १९५२ साली ते शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनतर्फे मुंबईच्या विधानसभेत गेले. १९५७ साली कोपरगाव मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. ही जागा राखीव नव्हती, हे मुद्दाम ध्यानात घेतले पाहिजे. बाबासाहेबांचे परिनिर्वाण होऊन जेमतेम तीन महिने झाले होते. फेडरेशन संयुक्त महाराष्ट्र समितीत सामील होते आणि समितीच्या लाटेत ऊसवाल्या बागायतदारांच्या मुलखातून एक आंबेडकरी वकील दिल्लीला गेला. त्याच निवडणुकीत शेजारच्या नाशिकमधून दादासाहेब गायकवाड निवडून आले. गोदावरी-प्रवरेच्या या पट्ट्यातून एकाच वेळी आपली दोन माणसे लोकसभेत बसली. एकाच्या हातात घटना होती आणि दुसऱ्याच्या पाठीशी १९३० च्या काळाराम सत्याग्रहापासूनचा लोकसंग्रह होता. आपल्या राजकारणाला असा योग पुन्हा क्वचितच आला.

त्या योगाचे पुढे काय झाले, हे सर्वांना ठाऊक आहे. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि दोन वर्षांच्या आत तो दुभंगला. गायकवाडांचा गट 'नादुरुस्त' ठरवला गेला. कांबळे आणि त्यांचे सहकारी 'दुरुस्त' म्हणवू लागले. या शब्दाकडे मी समीक्षक म्हणून पाहतो तेव्हा मला त्यात संपूर्ण वकील दिसतो. मसुद्यातील चूक दुरुस्त करावी, तसा पक्ष दुरुस्त करता येतो, अशी ही श्रद्धा आहे. पक्षाची घटना, पक्षाची व्याख्या, पक्षाचे धोरण हे सारे कागदावर निर्दोष असले पाहिजे, हा आग्रह चुकीचा नव्हता. पण पक्ष हा नुसता मसुदा नसतो. त्यात माणसे असतात, आणि माणसांना 'नादुरुस्त' म्हटले की ती दुरुस्त होत नाहीत, दूर जातात. त्या काळी एक गट धोतरवाल्यांचा आणि दुसरा सुटाबुटातल्यांचा, असे उघड बोलले जाई. ज्या समाजाने पोटाला चिमटा काढून पोरे शिकवली, त्या समाजाच्या वाट्याला शिकलेल्यांनी न शिकलेल्यांना हिणवण्याचा प्रसंग इतक्या लवकर यावा, ही आपल्या चळवळीची खोल जखम आहे.

वादाचा मूळ मुद्दा मात्र कपड्यांचा नव्हता. तो जमिनीचा होता. १९५९ साली गायकवाडांच्या नेतृत्वाखाली खानदेश-मराठवाड्यात भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, आणि ६ डिसेंबर १९६४ पासून तर देशभर लोकांनी तुरुंग भरले. कायदेपंडितांच्या बाजूचे म्हणणे असे की, हा मार्ग कम्युनिस्टांचा आहे. बाबासाहेबांनी घटना दिली तेव्हा सत्याग्रहाचा मार्ग सोडून द्यायला सांगितले होते. आधार २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतील भाषणाचा. त्या भाषणात बाबासाहेबांनी, सनदशीर मार्ग खुले असताना कायदेभंग, असहकार आणि सत्याग्रह यांचे समर्थन करता येत नाही, असे बजावले होते, यात शंका नाही.

पण त्याच भाषणात पुढे काय आहे? राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, अशा विसंगतीत आपण प्रवेश करीत आहोत आणि ही विसंगती लवकर दूर केली नाही तर विषमतेने गांजलेले लोक लोकशाहीचा हा डोलारा उडवून देतील, हा इशाराही तेथेच आहे. त्याच्या दोनच वर्षे आधी, १९४७ मध्ये, 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात बाबासाहेबांनी शेती हा राज्याच्या मालकीचा उद्योग असावा, जमीन जातपात न पाहता गावकऱ्यांना कसायला द्यावी, कुणी जमीनदार नसावा, कुणी कूळ नसावे आणि कुणी भूमिहीन मजूर नसावा, आणि हे सारे घटनेतच लिहावे, अशी मागणी केली होती. घटनेत ते आले नाही. म्हणजे वकील आंबेडकरांना जमिनीचा प्रश्न कायद्याबाहेरचा वाटत नव्हता. तो कायद्याच्या गाभ्यात घालावा, असे त्यांना वाटत होते. कायदेपंडितांच्या बाजूने भाषणातला पहिला इशारा हाती धरला आणि दुसरा सोडला. मजकूर अर्धा वाचणे हा वकिलीतही दोषच आहे.

बाबासाहेबांची स्वतःची वकिली या बाबतीत काय सांगते, तेही पाहू. महाडला २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी घेतले. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा सवर्णांनी कोर्टाचा मनाई हुकूम आणला. जमलेले लोक तळ्यावर जायला उतावीळ होते. तरी बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब केला आणि दावा लढवला. तो दावा खालच्या कोर्टापासून हायकोर्टापर्यंत जाऊन १७ मार्च १९३७ रोजी जिंकला. दहा वर्षे लागली. हे एक उदाहरण. दुसरे खोतीचे. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. आणि १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातल्या हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत त्याच विधिमंडळावर आणला. आत विधेयक आणि बाहेर मोर्चा, दोन्हींचा नेता एकच. खोती रद्द झाली ती पुढे १९४९ साली, पण प्रश्न देशापुढे गेला तो या दुहेरी रेट्यामुळे. बाबासाहेबांच्या एका माणसात जे दोन हात होते, ते त्यांच्यामागे दोन गटांत वाटले गेले. एका गटाने विधेयक घेतले, दुसऱ्याने मोर्चा घेतला. दोन्ही गट स्वतःला आंबेडकरवादी म्हणवत राहिले आणि दोघेही अर्धेच आंबेडकरवादी होते, हे आज आपण बोलले पाहिजे.

हा पेच केवळ आपलाच आहे, असे नाही. १९७२ साली दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील काळ्यांच्या संघटनेवरून घेतले. तेव्हापासून आपण काळ्यांचे साहित्य वाचतो. तेथील वकिलांकडे मात्र आपले लक्ष गेले नाही. थॅडियस स्टीव्हन्स नावाचा एक गोरा वकील १७९२ साली जन्मला, पेनसिल्व्हेनियात त्याने वकिली केली. सुरुवातीच्या काळात, १८२१ साली, त्याने एका गुलामाच्या मालकाची बाजू घेऊन एका काळ्या बाईविरुद्धचा दावा जिंकलाही होता. पुढे हाच माणूस पळून आलेल्या गुलामांचे खटले लढवू लागला, काँग्रेसमध्ये गेला आणि गुलामगिरीचा कट्टर शत्रू झाला. यादवी युद्ध संपल्यावर सप्टेंबर १८६५ मध्ये त्याने जाहीर सभेत मागणी केली की, दक्षिणेतल्या बड्या जमीनदारांच्या जमिनी सरकारने जप्त कराव्यात आणि मुक्त झालेल्या प्रत्येक प्रौढ काळ्या पुरुषाला चाळीस एकर द्यावेत. घटनेतली तेरावी दुरुस्ती १८६५ मध्ये झाली, चौदावी १८६८ मध्ये झाली. गुलामगिरी गेली, कायद्यापुढे समता आली. जमिनीची मागणी तेवढी फेटाळली गेली. स्टीव्हन्स १८६८ च्या ऑगस्टमध्ये वारला. ज्या दफनभूमीत काळ्यांना मज्जाव नव्हता, अशीच जागा त्याने स्वतःसाठी निवडली होती. पुढे दहा वर्षे होतात न होतात तोच मुक्त झालेले गुलाम जुन्या मालकांच्याच शेतात बटाईने राबू लागले आणि चौदाव्या दुरुस्तीने दिलेली समता शंभर वर्षे कागदावर पडून राहिली. जमिनीवाचून मिळालेले हक्क किती पोकळ असतात, हे एका वकिलाने त्या काळात ओळखले होते. आमच्या वकिलांना ते का ओळखता येऊ नये?

आता मी माझ्या भागाकडे येतो, कारण हा प्रश्न माझ्यासाठी ग्रंथातला नाही. देवळालीपासून जवळच, श्रीरामपूर तालुक्यात हरेगाव आहे. बेलापूर कंपनीचा साखर कारखाना तेथे होता. त्या हरेगावी डिसेंबर १९३९ मध्ये बाबासाहेबांनी वतनदार महारांची परिषद घेतली होती. वतन म्हणजे काय, हे आजच्या विद्यार्थ्यांना सांगावे लागते. १८७४ च्या वतन कायद्याने गावकीची कामे वंशपरंपरा बांधून टाकलेली होती. महाराने रात्रंदिवस सरकारची आणि गावाची चाकरी करायची आणि त्याबद्दल हाडकी हाडवळ्याचा एखादा तुकडा कसायचा. बाबासाहेबांनी १९२८ सालीच या कायद्यात दुरुस्ती करण्याचे विधेयक मांडले होते, ते पुढे मागे घ्यावे लागले. तुकड्यापायी गुलामी आणि गुलामीपायी लाचारी, हे त्यांनी वकिलाच्या नजरेने ओळखले होते.

ही वतने शेवटी गेली ती मुंबई कनिष्ठ गावकामगार वतने नष्ट करणाऱ्या १९५८ च्या कायद्याने. १ ऑगस्ट १९५९ पासून तो अमलात आला. वतनाची जमीन सरकारजमा धरायची आणि मुदतीत आकाराच्या तिप्पट रक्कम भरली की ती त्याच वतनदाराला परत द्यायची, पण नव्या शर्तीने, म्हणजे कलेक्टरच्या परवानगीवाचून विकता येणार नाही अशी. आकाराच्या तिप्पट म्हणजे फार नव्हे, काही रुपये. माझ्या वडिलांकडे आमच्या मूळ गावी असा तुकडा होता. आपले नाव कुळवाडी लोकांसारखे उताऱ्यावर लागणार, एवढे त्यांनी ऐकले होते. काही भरायचे आहे आणि त्याला मुदत आहे, हे त्यांना कुणी सांगितले नाही. कागद आला असेल तर तो वाचून दाखवायला घरात कुणी नव्हते. मी तेव्हा पहिलीतही नव्हतो. १९६४ च्या सत्याग्रहात वडील तुरुंगात गेले. भूमिहीनांना पडीक जमीन मिळावी म्हणून त्यांनी घोषणा दिल्या आणि त्याच सुमारास त्यांची स्वतःची जमीन मुदतीअभावी हातची गेली. कुणा एका माणसाने ती हिसकावली नाही. एका न वाचलेल्या कागदाने ती नेली.

पुढे मी शिक्षक झालो तेव्हा ते एकदा म्हणाले होते, "आपल्यात वकील झाले रे, पर ते सभेत भेटायचे. चावडीत कुणी भेटला नाही." दुरुस्त आणि नादुरुस्त यांच्या वादावर मी पुष्कळ वाचले आहे; इतकी नेमकी समीक्षा मला कोठे आढळली नाही.

बी. सी. कांबळे त्या वर्षांत खासदार होते आणि हा कायदा राज्याच्या विधिमंडळाचा होता. माझ्या बापाच्या तुकड्याचा जाब मी त्यांना विचारत नाही. तो विचारणे अन्यायाचे होईल. मी बोलतो आहे ते राजकारणाच्या रीतीबद्दल. ज्या काळात खेडोपाडी महारवाड्यात वतनाच्या जमिनींची फेरबदल नोंदवली जात होती, एकेका तुकड्यासाठी अर्ज, चलन, फेरफार यांची गरज होती, त्याच काळात आपले कायदा जाणणारे लोक पक्षाची घटना शुद्ध करण्यात गुंतले होते. आणि आपले लढाऊ लोक पडीक जमिनीवर नांगर घालत होते, पण त्यांच्याबरोबर सातबारा वाचणारा कुणी नव्हता. कायद्याचे ज्ञान होते, जमिनीची भूकही होती. या दोहोंची गाठ मात्र पडली नाही.

सत्याग्रह सनदशीर नव्हता, हे म्हणणेही मला तपासावेसे वाटते. १९६४ च्या मागण्यांची यादी पाहा. कसेल त्याला जमीन, पडीक जमीन भूमिहीनांना, धान्याच्या भावांवर नियंत्रण, आणि किमान वेतन कायद्याची अंमलबजावणी. किमान वेतनाचा कायदा १९४८ चा. म्हणजे लोक तुरुंगात गेले ते कायदा मोडावा म्हणून नव्हे, तर संसदेने केलेला कायदा बागायतदाराच्या बांधापर्यंत पोचावा म्हणून. असा सत्याग्रह घटनेच्या विरोधात कसा ठरतो? एखाद्या वकिलाने ही मागणी हाती घेऊन तालुक्या-तालुक्याला दावे लावले असते, तर सत्याग्रहाला कायद्याचे हाड मिळाले असते आणि कायद्याला माणसांचे बळ मिळाले असते.

येथपर्यंत मी दोष सांगितले. आता ऋण सांगितले पाहिजे. धर्मांतरानंतर बौद्धांच्या सवलती गेल्या. महाराष्ट्र राज्याने त्या १९६० मध्ये दिल्या, केंद्राने १९९० मध्ये. १९५६ ते १९९० ही चौतीस वर्षे हा प्रश्न निवेदने, प्रश्नोत्तरे, दुरुस्त्या यांच्या वाटेने जिवंत राहिला. नोकरीला लागलेल्या माझ्यासारख्या हजारोंच्या ताटातली भाकर या कोरड्या, कंटाळवाण्या कामातून आली आहे, हे विसरणे कृतघ्नपणाचे होईल. कांबळे यांनी कलमांवरची निष्ठा कधी सोडली नाही. १९७७ साली, आणीबाणीनंतर, ते मुंबई दक्षिण-मध्य मधून पुन्हा लोकसभेत गेले. याच लोकसभेच्या काळात १९७८ ची चव्वेचाळिसावी घटनादुरुस्ती झाली आणि मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतून गेला. जमीनवाटपाच्या आड येणारी मोठी धोंड घटनेतून दूर झाली. पण तोवर बाहेरचा मोर्चा विसकटला होता.

उत्तरायुष्यात कांबळे यांनी 'समग्र आंबेडकर चरित्र' अनेक खंडांत लिहिले. २००६ साली ते गेले. या चरित्रलेखनाकडेही मी त्यांच्या वकिलीचा शेवटचा अंक म्हणून पाहतो. पक्ष हातून गेला, मतदारसंघ गेला, तेव्हा त्यांनी पुरावा जपायचे ठरवले. ज्या समाजाचा इतिहास दुसऱ्यांनी लिहिला आणि हवा तसा लिहिला, त्या समाजात पुरावा जपणारा माणूस लहान नसतो. आपण त्या खंडांची धूळ झटकत नाही, हा दोष त्यांचा नव्हे.

मग त्या विद्यार्थ्याला मी काय सांगू? कोपरगाव मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेत इतिहासजमा झाला. त्या जागी शिर्डी आला, तो राखीव आहे आणि आमची देवळाली आता त्यात मोडते. २००९ साली तेथून रामदास आठवले पराभूत झाले. राखीव नसताना जी जागा १९५७ मध्ये आपण जिंकली होती, ती राखीव झाल्यावर आपल्या नेत्याला मिळाली नाही. याचा अर्थ लावताना आपण नेहमी पुढाऱ्यांच्या भांडणांपाशी थांबतो. मला वाटते, चावडीत कुणी भेटत नाही, हे त्याचे अधिक खरे कारण आहे.

प्रश्न संपलेला नाही. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला. त्याच निकालात एक अपवाद आहे: भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना सरकारी आदेशाने पट्टा मिळालेला असेल, तर तेथे ताबा नियमित करता येऊ शकतो. महाराष्ट्र सरकारचा २८ नोव्हेंबर १९९१ चा निर्णयही १४ एप्रिल १९९० पूर्वीची दलित-आदिवासींची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याविषयी आहे. गायरान कसणाऱ्या किती कुटुंबांना ही दोन वाक्ये ठाऊक आहेत? नोटीस येते, माणसे मोर्चा काढतात, मोर्चा परततो. आणि ज्या वाक्यात त्यांचा बचाव आहे ते वाक्य निकालपत्रात तसेच पडून राहते. माझ्या बापाच्या वेळी असेच झाले होते.

म्हणून त्या विद्यार्थ्याला माझे म्हणणे असे: तू कांबळे वाच, आणि गायकवाडही वाच. सनद मिळाली की हायकोर्टात जरूर जा. पण त्याआधी राहुरी आणि श्रीरामपूर तालुक्यांतल्या दहा गावांचे १९५९ ते १९७० चे फेरफार काढ. कुठल्या हाडकी हाडवळ्याची नोंद कुणाच्या नावावर गेली, किती तुकडे परत मिळाले, किती मुदतीअभावी गेले, याची यादी कर. आमच्यासारखे निवृत्त शिक्षक तुझ्याबरोबर वहीपेन घेऊन बसतील आणि ज्यांच्या घरातल्यांनी तुरुंग भोगला ती म्हातारी माणसे बांध दाखवतील. ती यादी झाली की जयंतीच्या सभेत भाषणाऐवजी तीच वाचून दाखवू.